रजेचा अर्ज आणि ‘पासून’

विद्यार्थ्यांचे रजेचे अर्ज वाचण्याचें काम मजकडे पुष्कळ वर्षें आहे. त्यांत एक वाक्य नेमानें भेटतें : ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स थ्री डेज.’ खालीं पालकांची सहीही असते. या वाक्याचे शब्द इंग्रजी असले, तरी त्याचें वळण मराठी आहे. ‘मला तीन दिवसांपासून ताप येत आहे’ हें मराठींत निर्दोष. तेंच वळण इंग्रजींत नेलें कीं दोन चुका होतात.

पहिली चूक काळाची. मागें सुरू होऊन अद्याप चालू असलेल्या क्रियेची मुदत सांगतांना मराठीस चालू वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजींत तेथें प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस हा काळ लागतो : ‘आय हॅव बीन सफरिंग.’ दुसरी चूक ‘पासून’ची. आपला ‘पासून’ सोमवारासही लागतो आणि तीन दिवसांसही. इंग्रजींत आरंभास ‘सिन्स’ व कालावधीस ‘फॉर’ : ‘सिन्स मंडे’, पण ‘फॉर थ्री डेज’.

अर्थ समजला म्हणजे झालें, असें कित्येक म्हणतात. मला हें मान्य नाहीं. ताप उतरला असेल, तर ‘आय वॉज इल फॉर थ्री डेज’ असें लिहावें; अद्याप असेल, तर ‘हॅव बीन’ हवें. मुलाची वाट आज पाहावी कीं नाहीं, हें शिक्षकास त्या क्रियापदावरूनच कळतें. तसेंच ‘आय हॅव रेड द बुक’ म्हणजे पुस्तक वाचून झालें. ‘आय हॅव बीन रीडिंग द बुक’ म्हणजे वाचन चालू आहे. अर्धेंच पुस्तक वाचून जो पहिलें वाक्य लिहितो, त्याचें व्याकरण शुद्ध असेल, पण बोलणें खरें नव्हे.

मात्र नियम कळला म्हणून तो सर्वत्र लावूं नये. ‘आय हॅव बीन नोइंग हिम’ हें अशुद्ध आहे. ओळख ही क्रिया नसून स्थिति आहे. म्हणून ‘आय हॅव नोन हिम फॉर फाइव्ह इयर्स’ असेंच लिहावें.

नुसतीं सूत्रें घोकण्यापेक्षां विद्यार्थ्यांनीं आपल्या मराठीकडेच पाहावें. ‘आमचें घराणें पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आलें आहे’ या वाक्यांतील ‘करीत आलें आहे’ मागून आजपर्यंतची वाटचाल दाखवितें. हें रूप सर्व ठिकाणीं चालत नाहीं. तथापि त्यावरून या काळाचें मर्म ध्यानांत येतें.

पालकांसही एक विनंति. सही करण्यापूर्वीं मुलास दोनच प्रश्न विचारावे : ‘कधीं सुरू झालें? अजून चालू आहे काय?’ यांचीं उत्तरें ज्याला नीट देतां येतात, त्याचा काळ सहसा चुकत नाहीं.