वीस वर्षांची उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा. ती बाळगणारा तो उमेदवार. मराठीने त्याला ‘उमेदवारी करणे’ असा खास आपला प्रयोग जोडून दिला. पूर्वी कचेरीत पगारी जागा रिकामी होईपर्यंत होतकरू पोरगा बिनपगारी कागद लिहीत बसे, साहेबाची मर्जी राखी, आणि जागा रिकामी झाली की पुष्कळदा साहेबाचा भाचा तिच्यावर येऊन बसे. याला उमेदवारी म्हणत. एरवी या सदरात मी शब्दांची अशीच उलटापालट करीत असतो. दिवाळी अंकात मात्र माणसाविषयी लिहा, असा संपादकांचा हुकूम आहे. तेव्हा याच शब्दाचे बोट धरून एका माणसाविषयी लिहितो. माणूस क्रिकेटमधला आहे. ज्यांना क्रिकेटचे वावडे असेल त्यांनीही पान उलटू नये. कारण ही गोष्ट धावांची जितकी आहे, त्याहून अधिक वाट पाहण्याची आहे.

आझाद मैदान, फेब्रुवारी १९८८. हॅरिस शील्डचा उपांत्य सामना. दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराचे दोन गडी ८४ धावांवर बाद झाले आणि विनोद कांबळी व सचिन तेंडुलकर एकत्र आले. पुढे काय झाले ते शिवाजी पार्कातल्या तान्ह्या मुलालाही ठाऊक असते. तिसऱ्या गड्यासाठी ६६४ धावांची अभंग भागीदारी. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, डाव २ बाद ७४८ वर घोषित. समोर सेंट झेवियर्सचा संघ. त्यांच्या दमलेल्या गोलंदाजांत एक साईराज बहुतुले होता, जो पुढे भारताकडून खेळला. साहाय्यक प्रशिक्षक सीमेवरून ‘डाव सोडा’ म्हणून ओरडत होते आणि ही दोन कार्टी ऐकू न आल्याचे सोंग करीत होती, असे त्यांनीच मागाहून हसत हसत सांगितले आहे.

या गोष्टीत आणखी एक मुलगा होता. तेरा वर्षांचा. पुढचा फलंदाज म्हणून तो पॅड बांधून तंबूत बसला होता, आणि दोन दिवस बसूनच राहिला. त्याचे नाव अमोल मुजुमदार.

पॅड बांधून बसणे हे नुसते बसणे नव्हे. ज्याने मैदानावर ते केले आहे त्यालाच कळेल. पोटभर जेवता येत नाही, कारण पुढच्या चेंडूवर आत जावे लागेल. पाय पसरून आडवे होता येत नाही. कोणाशी गप्पा रंगल्या तरी एक डोळा मैदानावर ठेवावा लागतो. पट्ट्या पोटऱ्यांना काचतात, हातमोजे घामाने ओले होतात. आणि मनात एक चोरटा विचार येतो, की आपल्याच गड्याचा एखादा झेल उडावा. तो येताच आपली आपल्याला लाज वाटते. आपलेच दोस्त खेळत आहेत, टाळ्या तर वाजवायच्याच. तेरा वर्षांच्या पोराने हे दोन दिवस केले.

पुढे काही वर्षांनी त्याची पाळी आली, आणि काय थाटात आली! फेब्रुवारी १९९४ मध्ये फरिदाबादला हरियाणाविरुद्ध रणजी करंडकाच्या सामन्यात मुंबईने त्याला उतरवले. प्रथम श्रेणीतला पहिलाच सामना, वय एकोणीस, आणि धावा २६०. पदार्पणात इतकी मोठी खेळी जगात तोवर कोणी केली नव्हती. तो विक्रम जवळजवळ पंचवीस वर्षे टिकला. डिसेंबर २०१८ मध्ये मध्य प्रदेशाच्या अजय रोहेराने नाबाद २६७ करून तो मोडला. मी तेव्हा शाळकरी होतो. आमच्या चाळीत त्या दिवशीचे वर्तमानपत्र एका घरातून दुसऱ्या घरात फिरले, आणि ‘दुसरा तेंडुलकर आला’ असा निकाल गॅलरीतच लागला. आपल्या लोकांना ‘दुसरा’ म्हणायची भारी घाई. जिवंत, चालत्या-खेळत्या माणसाचा दुसरा कशाला हवा, हे त्या वेळी कोणाला सुचले नाही.

पदार्पणातल्या मोठ्या खेळीवरून ऑस्ट्रेलियाचा नॉर्मन कॅलवे आठवतो. १९१५ साली सिडनीला न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलंडविरुद्ध तो पहिला सामना खेळला आणि २०७ धावा काढल्या. तोच त्याचा शेवटचा डाव ठरला. महायुद्धात शिपाई म्हणून गेला आणि मे १९१७ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर, जेमतेम एकविसाव्या वर्षी, पडला. कारकीर्दीची सरासरी २०७. त्याच्या नशिबी वाट पाहणेच नव्हते. मुजुमदारच्या नशिबी दुसरे काही नव्हते. दोहोंत कठीण कोणते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

१९९४-९५ मध्ये मुजुमदार ‘भारत अ’ संघातून खेळला. त्याच संघात राहुल द्रविड आणि सौरव गांगुली होते. तिघेही दाराशी उभे. जून १९९६ मध्ये लॉर्ड्‌सवर दार उघडले आणि दोघे आत गेले. गांगुलीने १३१ केल्या, द्रविडने ९५. नोव्हेंबरात अहमदाबादेत व्ही. व्ही. एस. लक्ष्मण आत गेला. तेंडुलकर तर १९८९ पासून आतच होता. मग ते दार जे लागले, ते लागलेच. या चौघांच्या कसोटी धावांची मी एकदा बेरीज केली : ४५,२०२. (मुजुमदार म्हणजे शिवकाळात हिशेब ठेवणारा अधिकारी, पण असला जमाखर्च त्या आडनावाच्या माणसाने मांडावा, अशी सक्ती कोणी करू नये.) गांगुली २००८ साली निवृत्त झाला, द्रविड आणि लक्ष्मण २०१२ साली, तेंडुलकर नोव्हेंबर २०१३ मध्ये. मुजुमदारने सप्टेंबर २०१४ मध्ये निवृत्ती जाहीर केली. चौघेही उठून गेल्यावर हा उठला. पॅड काही सुटले नव्हते.

दरम्यान त्याने काय केले? प्रथम श्रेणीचे १७१ सामने, ११,१६७ धावा, ३० शतके, सरासरी ४८.१३. रणजी करंडकात सर्वाधिक धावांचा मानही काही काळ त्याच्याकडे होता. पुढे वसीम जाफरने त्याला मागे टाकले. भारताकडून मात्र एक कसोटी नाही, एक एकदिवसीय सामना नाही, काही नाही.

शिवाजी पार्काला ही कथा नवी नाही. आमच्या पद्माकर शिवलकरांनी डावखुऱ्या फिरकीवर ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला तमिळनाडूचे त्यांनी एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी टिपले. पण त्यांच्या वाटेवर बिशनसिंग बेदी उभा होता. कसोटीची टोपी काही मिळाली नाही. मार्च २०२५ मध्ये ते गेले. ऑस्ट्रेलियातही असा एक जेमी सिडन्स होता. प्रथम श्रेणीत साडेअकरा हजारांवर धावा, आणि देशासाठी मिळून एक एकदिवसीय सामना, तोही १९८८ साली लाहोरला. भरल्या घरात पानावर बसायला जागा मिळत नाही, त्यातला हा प्रकार. ज्यांच्या घरी खाणारी तोंडे कमी, तिथे हेच लोक पहिल्या पंगतीला बसले असते.

मग मुजुमदारवर अन्याय झाला काय? माझे मत स्पष्ट सांगतो. त्या चौघांपैकी कोणाला उठवून याला बसवायला हवे होते, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु बारा-पंधरा वर्षांत कोणाला दुखापत होते, कोणी विश्रांती घेतो, सहावी जागा रिकामी पडते, एकदिवसीय सामन्यांचा तर पाऊस पडतो. त्या फटींतून कितीजण आत जाऊन बाहेर आले! अकरा हजार धावांच्या माणसाला त्यांतली एकही फट सापडू नये, याला मी केवळ दैव म्हणायला तयार नाही. नजरेतून उतरलेल्या उमेदवाराकडे साहेब मान वर करून पाहत नाही, हे कचेरीइतकेच मैदानावरही खरे आहे.

त्या ६६४ मधल्या दुसऱ्या मुलाचेही इथे सांगितले पाहिजे. कांबळीला दार फार लवकर उघडले. १९९३ साली वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, पाठोपाठ दिल्लीत झिंबाब्वेविरुद्ध २२७. १७ कसोटी, सरासरी ५४.२०, आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये शेवटची कसोटी, वयाच्या तेविसाव्या वर्षी. म्हणजे एकाच शाळेच्या एकाच डावातून निघालेल्या तिघांच्या नावांपुढे कसोट्यांचे आकडे लिहायचे तर २००, १७ आणि शून्य. आचरेकर सर नेटमध्ये यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत आणि बाद न होणाऱ्याला ते देत. नाणे कसे राखावे ते त्यांनी तिघांना शिकवले. पुढचे कोणत्याही सरांच्या हातात नसते.

माझ्या वर्गात काही वर्षांपूर्वी कांगा लीग खेळणारा एक मुलगा होता. पावसाळ्यात हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीचीच रांग. एकदा त्याने विचारले, “सर, नाव लागलं नाही तर काय करायचं?” मी त्याला उत्साहाने मुजुमदारची कथा ऐकवली, निष्ठा, चिकाटी वगैरे मास्तरी मसाला घालून. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “सर, तो मुजुमदार होता. त्याचंही नाव लागलं नाही. मग माझं काय?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. पूर्वी निदान बँका, टाटा, मफतलाल, निर्लॉन यांचे संघ असत; बॅटीच्या जोरावर नोकरी लागे आणि घरच्यांना धीर येई. आता ते दिवस सरले. मुलगा विमा कंपनीत लागला. रविवारी अजून खेळतो.

मुजुमदारने मात्र पॅड सोडले नाही, हे खरे. २००६-०७ च्या मोसमात तो मुंबईचा कर्णधार झाला. सुरुवातीचे सामने ओळीने हरून मुंबई गटाच्या तळाला गेली. पुढे बडोद्याविरुद्ध उपांत्य सामन्यात दुसऱ्या डावात धावफलक ‘५ बाद ०’ असा झाला. हा छपाईचा दोष नाही, शून्यावर पाच. तो सामना मुंबईने जिंकला आणि वानखेडेवर बंगालला हरवून सदतिसाव्यांदा करंडकही आणला. २००९ साली त्याने मुंबई सोडली. आधी आसाम, मग आंध्र. पस्तिशीच्या पुढचा माणूस परक्या ड्रेसिंगरूममध्ये विशीतल्या पोरांशेजारी आपली पेटी उघडतो, हे चित्र मला त्या २६० पेक्षाही अधिक वेळा आठवते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. तेव्हा, ज्याने देशाचा शर्ट घातला नाही तो काय शिकवणार, असे म्हणणारे निघालेच. २०२५ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड असे तीन सामने संघ ओळीने हरला. तीन पराभवांनंतर काय करायचे असते, हे मुंबईच्या त्या जुन्या कर्णधाराला कोणी सांगायला नको होते. जेमिमा रॉड्रिग्जला इंग्लंडविरुद्ध वगळले गेले होते. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत उपांत्य सामना. ऑस्ट्रेलियाच्या ३३८. फळ्यावर त्याने एवढेच लिहिले, की आपल्याला त्यांच्याहून एक धाव जास्त हवी आहे. तिसऱ्या क्रमांकावर जायचे आहे हे जेमिमाला आत जाण्यापूर्वी जेमतेम पाच मिनिटे आधी कळले, असे तिनेच सांगितले. नाबाद १२७ करून तिने सामना जिंकला. दोन दिवस पॅड बांधून बसलेल्या माणसाच्या संघातली मुलगी वाट न पाहताच आत गेली, याचे मला फार बरे वाटले. २ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताने चषक घेतला, आणि कर्णधार हरमनप्रीत कौर वाकून त्याच्या पाया पडली.

शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणारे एक निवृत्त हेडक्लार्क आहेत. आयुष्यभर उमेदवारांचे अर्ज चाळले. त्या विजयानंतर मी त्यांना म्हणालो, “काका, आता तरी तुमची तक्रार मिटली?” त्यांनी चष्मा काढून पुसला. “मिटली कसली? आणला त्यानं चषक, छान झालं. पण सहाव्या क्रमांकावर त्याला घ्यायला पाहिजे होता की नाही, ते सांगा आधी!” मग त्यांनी हाताची बोटे मोडीत एकेका दौऱ्याची उजळणी सुरू केली, आणि दिवे लागले तरी ती चालूच होती.