तुमची कॉलेजची बॅच आणि तुमची तब्येत

गेल्या पावसाळ्यात बावन्न वर्षांचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) म्हणाले, "डॉक्टर, हार्टच्या सगळ्या टेस्ट करून टाका."

छातीत दुखतं का? नाही. चालताना दम लागतो? नाही. मग अचानक काय झालं? त्यांनी मोबाईल काढून समोर धरला. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मित्राचा हार घातलेला फोटो होता आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली होती.

"शेवटचे कधी भेटला होतात?" मी विचारलं.

ते जरा थांबले. "एका लग्नात. दहा-अकरा वर्षं झाली असतील."

हे राहतात कर्जतला, मित्र खोपोलीचा. मध्ये पळसदरी, केळवली, डोलवली आणि लौजी एवढीच स्टेशनं. कॉलेजात असताना दोघं एकाच लोकलने जायचे-यायचे. मित्राला आठ वर्षांपासून मधुमेह होता आणि वर्षभरापूर्वी त्याने गोळ्या बंद केल्या होत्या, हे यांना कळलं ते दहाव्याला गेल्यावर. ग्रुपवर मात्र रोज सकाळी त्याचा 'सुप्रभात' येत होता.

गृहस्थांचा ईसीजी चांगला आला, पण रक्तदाब १६८/१०२ निघाला. एका मोजणीवरून निदान करायचं नसतं, म्हणून पुढच्या दोन आठवड्यांत पुन्हा पुन्हा मोजला. तो चढाच होता. आता उपचार सुरू आहेत. मित्र गेला म्हणून यांचा आजार सापडला. पण त्यासाठी मित्र जावा लागला, हे मला खटकतं. म्हणून आजचा हा लेख.

खबर वेगळी, भेट वेगळी

माझं मत सरळ आहे. ग्रुपमुळे आपल्याला वर्गमित्रांची खबर असते, संपर्क नसतो. कोणाच्या मुलाला कुठे ॲडमिशन मिळाली, कोणी गाडी घेतली, कोण कुठे फिरून आलं, हे सगळं कळतं. तब्येत कशी आहे, झोप लागते का, घरी सगळं ठीक आहे ना, हे कळत नाही. उलट इतरांचे हसरे फोटो बघून 'आपणच मागे राहिलो' असं वाटणारे रुग्ण मी पाहतो. अशी खबर मनाला आधार देत नाही, कधीकधी त्रासच देते. आधार मिळतो तो भेटण्याने आणि बोलण्याने.

याला शास्त्रीय आधार आहे का?

आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली एक अभ्यास सुरू झाला. त्यात कॉलेजातले २६८ विद्यार्थी होते आणि बोस्टन शहराच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुलं. या सगळ्यांच्या आयुष्याचा माग संशोधकांनी म्हातारपणापर्यंत ठेवला. नोकरी, लग्न, आजार, रक्ताच्या तपासण्या, सगळं नोंदवलं. एका अर्थाने वर्गमित्रांची खबर ठेवण्याचंच हे काम. त्यातून दिसलं ते असं : पन्नाशीत जे आपल्या नात्यांबद्दल समाधानी होते, ते ऐंशीव्या वर्षी जास्त निरोगी होते. पुढची तब्येत कशी राहील याचा अंदाज पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा नात्यांवरून चांगला बांधता आला. हा अभ्यास सुरुवातीला फक्त पुरुषांचा होता आणि तेही अमेरिकेतले, हे लक्षात ठेवावं.

पण तो एकटा नाही. २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासली गेली. ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे.

असं का होतं? एकटेपणा हा शरीराच्या दृष्टीने ताणच असतो. ताण लांबला की कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढलेली राहतात, झोप बिघडते, रक्तदाब चढतो. शिवाय एकटा माणूस जेवणाकडे आणि गोळ्यांकडे दुर्लक्ष करतो, डॉक्टरकडे उशिरा येतो. 'अरे, गोळी घेतलीस का?' असं विचारणारं कोणी नसतं.

वर्गमित्रच का?

दोन कारणं. पहिलं, तुम्ही सगळे एका वयाचे आहात. पंचेचाळिशी-पन्नाशीत रक्तदाब, साखर आणि हृदयविकार वाढू लागतात. एकाला निघालं, तर तो बाकीच्यांना इशारा समजावा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. चाळीस जणांच्या तुमच्या बॅचमध्ये कोणालाच काही नसेल, असं समजू नका.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घरच्यांना रोज बघून तुमच्यातला बदल लक्षात येत नाही. वर्षाने भेटणाऱ्या मित्राला तो दारातच दिसतो. 'किती वाळलास रे!' 'स्टेशनचा जिना चढताना थांबलीस का?' 'बोलणं असं संथ का झालंय?' ही वाक्यं ऐकून आलेल्या रुग्णांमध्ये मला मधुमेह सापडला आहे, थायरॉईडचा आजार सापडला आहे, टीबीसुद्धा. मित्राने असं म्हटलं तर राग मानू नका, तपासून घ्या.

ज्या मागे राहतात

मैत्रिणींबद्दल वेगळं सांगायला हवं. माहेर कर्जतचं, सासर दूर, लग्नानंतर आडनाव बदललेलं. पुष्कळ जणी ग्रुपमध्ये नसतातच, कारण त्यांचा नंबरच कोणाकडे नसतो. 'कॉलेजच्या मैत्रिणी? त्या कुठे आता!' असं पन्नाशीची बाई सहज म्हणून जाते, आणि तिच्या डोकेदुखीचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं. त्यांना शोधा. गणपतीला माहेरी येतात तेव्हा भेटा.

आणि जो ग्रुप सोडून गेला, तो? कंपनी बंद पडून नोकरी गेली असेल, कर्ज झालं असेल, घरी भांडण असेल. 'काय करतोस सध्या?' या प्रश्नालाच तो घाबरत असेल. आपण म्हणतो, 'भाव खातो.' माझ्या मते पहिला फोन त्यालाच जायला हवा. नोकरीचं न विचारता 'कसा आहेस?' एवढंच विचारा आणि ऐका. जगण्यात अर्थ नाही असं काही तो बोलला, तर ते हसण्यावारी नेऊ नका. टेलि-मानस ही सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास आहे. नंबर लावून द्या, आणि त्याला एकटं सोडू नका.

गेट-टुगेदर करताना

आपला तालुका तर अख्ख्या मुंबई-पुण्याच्या गेट-टुगेदरची जागा. लोक लांबून इथल्या फार्महाऊसवर मित्रांना भेटायला येतात आणि आपण इथले इथे भेटत नाही! पण भेट म्हणजे रात्रभर दारू, असं समीकरण नको. एकदम जास्त प्यायल्यावर हृदयाचे ठोके अनियमित होतात. वैद्यकशास्त्रात याला 'हॉलिडे हार्ट' असं नावच आहे. आणि पिऊन धबधब्यात किंवा नदीत उतरणं म्हणजे जिवाशी खेळ.

मग काय करावं?

१. या आठवड्यात एका वर्गमित्राला किंवा मैत्रिणीला फोन करा. मेसेज नको, फोन.

२. वर्षातून निदान दोनदा भेटा. चहा-वडापाव आणि तासभर चालणं पुरेसं आहे.

३. भेटाल तेव्हा रक्तदाबाचं मशीन बरोबर ठेवा. पाच मिनिटं शांत बसून मगच मोजा. १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर डॉक्टरांना दाखवा. वर्षातून एकदा साखरही तपासा.

४. एकमेकांच्या गोळ्या घेऊ नका. मित्राला लागू पडलेलं औषध तुम्हाला चालेलच असं नाही. ग्रुपवरच्या फॉरवर्डवर विसंबून स्वतःची औषधं बंद करू नका.

५. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं कोणी सांगितलं, तर 'ॲसिडिटी असेल' म्हणू नका. लगेच १०८ ला फोन करा किंवा ईसीजी होईल अशा जवळच्या रुग्णालयात न्या.

ते गृहस्थ आता दर महिन्याला रक्तदाब दाखवायला येतात. मागच्या वेळी एकटे नव्हते. बरोबर कॉलेजचा एक मित्र होता, ग्रुप सोडून गेलेला. "यांचंही बघा जरा," म्हणाले. त्यांची साखर २४० निघाली. दोघं बाहेर जाऊन बाकावर बसले आणि पुढचा पेशंट आत आला तरी त्यांच्या गप्पा चालूच होत्या.