मातीवाचून शेती

मातीवाचून शेती म्हटले की आमच्या भंडारा जिल्ह्यातली जुनी मंडळी हसतात. पण कल्पना खुळी नव्हे, वाचकहो. रोपाला माती नव्हे, मातीतले क्षार लागतात, हे जर्मनीच्या झाक्स यांनी १८६० च्या सुमारास दाखवले. कॅलिफोर्नियात प्राध्यापक गेरिक यांनी क्षारांच्या पाण्यावर २५ फुटी टोमॅटो वाढवले आणि १९३७ मध्ये या विद्येला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ केले. आपल्याकडे १९४६ पासून कालिंपाँगला शोल्टो डग्लस यांनी महागडी यंत्रे टाळून, वाळू-खडीच्या वाफ्यांत हेच केले.

आता आमचा भाचा दोन एकर धानाची बांधी विकून अशी शेड उभारायला निघाला आहे. बहिणीने मला विचारले, “दादा, धानसुद्धा पाण्यातच उभे असते की! मग त्या टोमॅटोचे एवढे कौतुक कसले?”

प्रश्न चोख आहे. मुळांनाही श्वास लागतो. धानाच्या अंगात हवेचे मार्ग असतात. वरची हवा त्यांतून मुळांपर्यंत उतरते. टोमॅटोला ही सोय नाही. म्हणून त्याच्या पाण्यात पंपाने हवा खेळवावी लागते. भर उन्हाळ्यात वीज गेली आणि पंप काही तास थांबला, की मुळे गुदमरतात. कोहळी लोकांनी बांधलेल्या आमच्या जुन्या तलावांचे पाणी मात्र वीज नसली तरी उताराने बांधीत येते.

तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवल्याने शेडमध्ये पाण्याची बचत मोठी होते, हे खरे. पण तिथे धान पिकवणे परवडत नाही. पिकवायचा तो पाला, आणि त्याचे गिऱ्हाईक साठेक किलोमीटरवर नागपूरला. लेट्यूस हॉटेलात खपते. आमच्या घरी ते गाईपुढेच जाईल! बांधी विकू नकोस, असे मी भाच्याला स्पष्ट सांगितले. तो अजून रुसलेला आहे.

हौस असेल त्यांनी गॅलरीत एक बादली मांडावी. बादली अपारदर्शक हवी, नाहीतर शेवाळ माजते. पाण्यात विद्राव्य खत बेताने घालावे, झाकणाला भोक पाडून पालकाचे रोप अडकवावे. पाणी खाली जाईल तशी वरची मुळे हवा घेतील, म्हणून पंप नको. मात्र कुणी मायेपोटी बादली पुन्हा काठोकाठ भरू नये!