माळावरच्या जनावरांचे फोटो फोनातच मरू देऊ नका

डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेरा ट्रॅपसमोरून एक वाघ गेला. धाराशिव जिल्ह्यात वाघ! त्याच्या अंगावरचे पट्टे विदर्भातल्या वाघांच्या आधीच्या फोटोंशी ताडून पाहिले, तेव्हा कळलं की हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा नर आहे. साडेचारशे-पाचशे किलोमीटरची शेतं, रस्ते, नद्या ओलांडून तो बालाघाटाच्या डोंगरांत पोहोचला होता. २०२१ मध्ये गौताळ्यात दिसलेल्या वाघाची ओळखही अशीच पट्ट्यांवरून पटली आणि तोही टिपेश्वरचाच निघाला.

या ओळखीमागचं खरं काम टिपेश्वरला आधीच होऊन गेलेलं होतं. तिथे कुणीतरी त्या वाघाचा फोटो घेतला, तारीख-ठिकाण लिहिलं आणि पुढच्या माणसाला सापडेल अशा जागी ठेवला. तो फोटो नसता तर येडशीचा वाघ कुठला, कुठून आला, हे कळलंच नसतं.

आता उलटा विचार करा. तुळजापूरच्या माळावरचा तरस उद्या कर्नाटकात जाऊन निघाला तर? तरसाचेही पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरून एकेक जनावर ओळखता येतं. पण तिथल्या अभ्यासकाने फोटो ताडायचा कशाशी? आपल्या तालुक्यातल्या तरसांचा खुला संग्रहच नाही.

फोटोच नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही. फोटो ढिगाने आहेत! सर्पमित्रांचे फोन नाग, घोणस, मण्यार, फुरसं, धामण यांनी भरलेले असतात. कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात कोणता साप निघतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या फोनात लांडगे आहेत. नळदुर्गला बोरी नदीच्या पाण्यावर उतरणारे पक्षी पर्यटकांच्या फोनात आहेत. फोटो स्टुडिओवाल्यांकडे जुन्या निगेटिव्हची पाकिटं आहेत आणि हौशी छायाचित्रकारांकडे हार्डडिस्क. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या तुळजापूर परिसरात शिकायला येणारी मुलं दोन-दोन वर्षं गावोगाव हिंडतात, त्यांच्याकडेही असतीलच. आणि येडशीच्या वाघासाठी जंगलात कॅमेरे लावले तेव्हा वाघ सोडून इतर जनावरं त्यांच्यासमोरून गेली नसतील का?

हे सगळं आज ना उद्या नाहीसं होणार आहे. फोन पाण्यात पडतो. हार्डडिस्क एक दिवस उघडत नाही. छायाचित्रकार गेल्यावर घरच्यांना कपाटातल्या पाकिटांचं काय करायचं ते सुचत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला की त्याच्या पोटातली तारीख आणि ठिकाणाची नोंद निघून जाते; दहा ग्रुप फिरून आलेला लांडगा मग तुळजापूरचा आहे की बिदरचा, हे सांगता येत नाही. असा फोटो अभ्यासाच्या दृष्टीने गेलाच.

हे काम आत्ताच का करायचं, ते सांगतो. सरकारी नकाशांवर आपल्या गवताळ माळाचे मोठमोठे पट्टे 'पडीक' या सदरात मोडतात. पडीक म्हणजे काहीही उभं करायला मोकळी जागा. बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत, सौर पटलं पसरत आहेत, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचं काम चालू आहे, शक्तिपीठ महामार्गाची आखणी गाजते आहे. मी विजेच्या किंवा रेल्वेच्या विरोधात नाही. देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांना रेल्वे हवीच. पण पवनचक्की आणि सौर प्रकल्पांना पर्यावरण आघात मूल्यांकनाची अटच लागू नाही. म्हणजे त्या माळावर काळवीट चरतं, धाविक जमिनीवर अंडी घालतो, खोकड बिळात पिल्लं वाढवतं, हे कुणी अधिकृतपणे तपासायला येणारच नाही. कुणी तपासायचं ठरवलं तरी तो आधी उपलब्ध नोंदी पाहणार. त्यात माळ रिकामा दिसला तर रिकामाच धरला जाणार.

माळढोकाच्या बाबतीत काय झालं ते आपल्या शेजारीच घडलं आहे. सोलापूरजवळचं नान्नज इथून फार लांब नाही. १९७२च्या सुमारास सोलापूरचे पक्षिप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी तिथल्या माळढोकांकडे लक्ष वेधलं आणि १९७९ मध्ये अभयारण्य झालं. एका माणसाच्या नोंदींतून एवढं मोठं काम उभं राहिलं. पुढे अभयारण्याचं ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र १,२२२ वर आलं, आणि आज तिथे एखादा माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी होते. आजूबाजूच्या तालुक्यांत माळढोक कुठे कुठे उतरत होता, हे म्हाताऱ्या माणसांना आठवतं. पण आठवणीवर तारीख नसते, आणि ती माणसंही आता थोडीच उरली आहेत.

दुसरीकडे आपली उस्मानाबादी शेळी पाहा. बहुतेक काळी, काटक, जुळी देणारी. तुळजापूर हे तिच्या मूळ प्रदेशातलंच गाव. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे तिची जात नोंदलेली आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या पाळीव जनावरांच्या जागतिक माहितीसंग्रहातही ती आहे. कुणीतरी ती मोजली, तिचे फोटो काढले, वर्णन लिहून ठेवलं, म्हणून जगात कुठेही बसलेल्या पशुतज्ज्ञाला ती माहीत आहे. त्याच माळावर त्याच शेळीच्या मागावर फिरणाऱ्या लांडग्याला एवढंही मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं. पुण्याकडच्या माळांवर वेगळ्या रंगाचे लांडगे फोटोंत दिसले, म्हणून पुढे जनुकीय तपासणी झाली आणि लांडगा-कुत्र्याचा संकर सिद्ध झाला. आपल्याकडे असं काही घडत असेल तर ते आधी फोटोतच दिसणार आहे.

काम अवघड नाही. आयनॅचरलिस्ट हे २००८ मध्ये सुरू झालेलं खुलं संकेतस्थळ आहे, त्याचं अ‍ॅप फोनवर चालतं. फोटो, तारीख, ठिकाण एवढं दिलं की जगभरचे जाणकार प्राणी ओळखायला मदत करतात. दोन तृतीयांशांहून जास्त जणांचं नावावर एकमत झालं की नोंद अभ्यासयोग्य ठरते, आणि तुम्ही परवानगी ठेवली असेल तर ती कोपनहेगनच्या जीबीआयएफ या जागतिक भांडारात जाते. तिथून ती कुठलाही संशोधक फुकट वापरू शकतो. २००८ मध्येच सुरू झालेलं इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आपल्या देशाचं आहे. पक्ष्यांसाठी ईबर्ड आहे. फुलपाखरांसाठी कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभं केलेलं 'बटरफ्लाईज ऑफ इंडिया' आहे; त्यातले बरेच फोटो तुमच्या-आमच्यासारख्या हौशी लोकांनीच दिलेले आहेत. फोटो सुंदर असायची गरज नाही. सोलापूर रस्त्यावर रात्री गाडीखाली आलेल्या उदमांजराचा फोटोही द्या. जनावरं रस्ता कुठे ओलांडतात हे त्यातूनच कळतं. आणि मित्राकडून फोटो मागवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तारीख टिकते.

शिकाऱ्याला पत्ता कळेल ही भीती अगदी रास्त आहे, मीही ती मानतो. म्हणून धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण आयनॅचरलिस्ट आपोआप झाकतं आणि साधारण वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी खूण दाखवतं. बाकी कोणत्याही प्राण्याचं ठिकाण तुम्ही स्वतः झाकू शकता. बीळ आणि घरटं यांच्याजवळ जाऊन फोटो काढू नका, एवढं पथ्य मात्र प्रत्येकाने पाळायलाच हवं. फोटो कुणी विकेल असं वाटत असेल तर व्यापारी वापर नाकारणारा परवाना निवडता येतो, आणि फोटोखाली नाव तुमचंच राहतं.

पण एकाच जागेवर विसंबू नका. ब्रिस्टलच्या वाइल्डस्क्रीन संस्थेने २००३ मध्ये आर्काइव्ह नावाचा संग्रह उघडला होता. पंधरा हजारांहून जास्त प्रजातींचे फोटो आणि चित्रफिती, तेही नामवंत छायाचित्रकारांनी मोफत दिलेल्या. जगभरच्या शाळा तो वापरत. पैशांअभावी फेब्रुवारी २०१९ मध्ये तो बंद करावा लागला. एवढ्या मोठ्या नावाच्या संग्रहावर ही वेळ येते, तर आपण मूळ फोटोंची प्रत गावातही ठेवली पाहिजे. आणि ज्यांना जमेल त्यांनी या खुल्या संग्रहांना वर्षाला शे-पाचशेची देणगी द्यावी. ते देणग्या आणि अनुदानांवरच चालतात.

वन विभागाला माझी कळकळीची विनंती आहे. वाघासाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत तरस, लांडगा, साळिंदर, रानमांजर जे काही आलं असेल ते ठिकाण झाकून खुल्या संग्रहात द्या. जनतेच्या पैशाने काढलेले फोटो आहेत, ते कार्यालयाच्या संगणकात पडून राहू नयेत.

आणि गावासाठी तर कायद्यानेच दार उघडून ठेवलं आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या पंचायतीत जा आणि ती वही दाखवा म्हणा. प्राण्यांची पानं उघडा, त्यात एक तरी फोटो आहे का बघा. मग येत्या ग्रामसभेत ठराव मांडा: गावच्या हद्दीतील वन्यप्राण्यांचे फोटो तारीख व ठिकाणासह गोळा करून नोंदवहीला जोडावेत, खुल्या संग्रहात चढवावेत आणि त्यांची एक प्रत शाळेत ठेवावी. सर्पमित्र, मेंढपाळ, शिक्षक आणि फोटो स्टुडिओवाले यांना त्या सभेला मुद्दाम बोलवा. ठरावाला सूचक एक आणि अनुमोदक एक लागतो.