मलय भूतपट : भय कोठून येते?

दिवा मंद करून आजी भुताची गोष्ट सांगू लागली, की ज्या मुलास सर्वांत अधिक भीती वाटते तेच ‘पुढे काय झाले?’ असे विचारीत तिच्या पदराशी सरकते. चित्रपटापाशी हा पदर नाही. साधने मात्र आजीहून शतपटीने अधिक आहेत. असे असूनही पुष्कळ भूतपट पाहताना भय न वाटता हसू येते. असे का व्हावे? मलय भाषेतील भूतपट पाहिले असता या प्रश्नाचे उत्तर बरेचसे सापडते.

मलय लोकसमजुतीतील सर्वांत प्रसिद्ध भूत म्हणजे पोंतियानाक. बाळंतपणात मरण पावलेली स्त्री पोंतियानाक होते, असे मानतात. मोकळे लांब केस, केळीच्या झाडावर वास्तव्य आणि अवेळी दरवळणारा चाफ्याचा सुगंध ही तिची लक्षणे. तिच्या मानेत खिळा ठोकला, की ती रूपवान स्त्री होऊन संसार करू लागते. खिळा निघाला, की पुन्हा पूर्वरूपास जाते. मराठी वाचकास येथे अलवंतीण आठवेल, उत्तरेकडील वाचकास चुडैल.

या पोंतियानाकला पडद्यावर लोकप्रिय केले ते एका भारतीयाने, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. सिंगापूरच्या कॅथे-केरिस या संस्थेचा ‘पोंतियानाक’ हा चित्रपट 1957 साली प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक बी. एन. राव, नायिका मारिया मेनादो. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. मागे उरली आहे ती त्याची कथा. एका कुरूप, कुबड्या मुलीस मंत्रौषधीने सौंदर्य लाभते. मात्र तिने रक्ताची चव कधीही घेता कामा नये, अशी अट असते. पुढे तिचे लग्न होते. एके दिवशी पतीस सर्प डसतो. त्याचे प्राण वाचावेत म्हणून ती जखमेतील विष तोंडाने शोषून घेते, आणि त्याच क्षणी तिचा घात होतो.

येथे भय कोठून आले, ते पाहावे. ती दुष्ट आहे म्हणून भूत झाली नाही. पतीवर तिचे प्रेम होते म्हणून झाली. तिच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते, हे प्रेक्षकास उमगते, आणि मग अंगावर काटा येण्यास विद्रूप मुखवट्याची गरज राहत नाही. पी. रामली यांच्या 1958 सालच्या ‘सुंपा ओरांग मिन्याक’ या चित्रपटाचा नायकही गावाने हिणवलेला एक कुबडा कारागीरच आहे. काळ्या तेलाने माखलेले भूत होण्यापूर्वी तो एक अपमानित मनुष्य असतो. त्याच्या भुताला गावाचा निष्ठुरपणा कारण आहे, हे प्रेक्षक विसरू शकत नाही.

याच्या उलट, पुष्कळ भूतपट फसतात ते घाईमुळे. भूत लवकर दिसते, वारंवार दिसते आणि कर्कश वाद्यांच्या गजरात दिसते. प्रेक्षक दचकतो खरा; पण दचकणे म्हणजे भिणे नव्हे. दार आपटले तरी मनुष्य दचकतोच. या बाबतीत मलय लोकसमजूत चित्रपटकारांहून शहाणी आहे. पोंतियानाकचा आवाज मोठा ऐकू आला तर ती दूर असते आणि क्षीण ऐकू आला तर ती जवळ आलेली असते, असे तेथील वृद्ध सांगत आले आहेत. भयाचे सारे शास्त्र या एका समजुतीत आहे. चाफ्याचेही तसेच. मलय मुलखात हे झाड कबरस्तानात लावतात. पडद्यावरून सुगंध येत नाही. परंतु बोलता बोलता एखादे पात्र मध्येच थांबले आणि त्याने हळूच श्वास घेतला, तर तेथील प्रेक्षकास तेवढे पुरते.

कित्येक वर्षांच्या खंडानंतर मलेशियात 2004 साली शुहाइमी बाबा यांचा ‘पोंतियानाक हारुम सुंदाल मालाम’ आला आणि भूतपटांस पुन्हा बहर आला. त्यानंतरच्या चित्रपटांत एमिर एझवान यांचा ‘रोह’ (2019) आम्हांस विशेष वाटतो. अरण्यातील एका झोपडीत आई व तिची दोन मुले राहतात. एक अनोळखी मुलगी त्यांच्याकडे येते आणि पुढील पौर्णिमेपर्यंत तुम्ही सर्व मराल, असे सांगून स्वतःचा प्राण घेते. त्या भाकितानंतर गलबल्याची आवश्यकताच उरत नाही. आईने मुलांना जवळ घेतले तरी आपल्यालाच धास्ती वाटते.

प्रस्तुत लेखकाच्या आजीची धाकटी जाऊ पहिल्या बाळंतपणात गेली. ती परत येऊ नये म्हणून स्मशानाच्या वाटेवर राळे टाकले होते आणि उंबऱ्यात खिळा ठोकला होता. मलय कथेतील खिळा स्त्रीच्या मानेत, आपला उंबऱ्यात, भय एकच. आजी ही हकीकत सांगे, पण भुताची म्हणून कधी सांगितली नाही. शेवटी ती एवढेच म्हणे, “ती आली असती, तर मी दार उघडलं असतं.”

भुताच्या मागे असलेले असे माणूस ज्या चित्रपटास दाखविता येते, त्याचेच भय घरापर्यंत सोबत येते.