पोटरीवरची वेणी आणि उसनी दंतकथा

थंडीत पोटरीवर चढवायचा लोकरीचा लेगवॉर्मर ही तशी साधी वस्तू. पाऊल नाही, टाच नाही; घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंतची एक नळी. पण तिच्यावर वेणीची वीण घातली की वस्तूबरोबर एक कथाही येते. ही वेणी म्हणजे आयर्लंडजवळच्या आरन बेटांवरच्या मच्छीमारांचा दोर; चौकटी म्हणजे तिथली दगडी कुंपणांची शेते; नागमोडी रेघ म्हणजे संसारातले चढउतार. प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असे, आणि समुद्रात बुडालेल्याचे प्रेत किनाऱ्याला लागले की अंगावरच्या विणीवरून ते कोणाचे हे कळे. कथा इतकी चटका लावणारी आहे, की ती खरी नाही असे म्हणणारा अरसिक ठरतो. तो आरोप पत्करूनही म्हणायला हवे, कारण या कथेने ज्यांचा गौरव होतो असे वाटते, त्या विणणाऱ्या बायकांचेच श्रेय ती काढून घेते.

गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी असलेली ही तीन बेटे: इनिशमोर, इनिशमान आणि इनिशीर. तिथली वेण्यावेण्यांची पांढरी स्वेटरे हजारो वर्षांची आहेत असे सांगण्याची प्रथा पडली ती मुख्यतः हाइन्झ एडगर कीवे या गृहस्थांमुळे. हे ऑक्सफर्डमध्ये विणकाम-भरतकामाच्या सामानाचा व्यवसाय करीत. 1936 मध्ये डब्लिनला त्यांच्या नजरेस असे एक स्वेटर पडले. पुढे त्यांनी त्याचा धागा थेट इसवी सन 800 च्या सुमाराच्या 'बुक ऑफ केल्स' या सचित्र हस्तलिखिताशी नेऊन जोडला. त्यातल्या एका आकृतीच्या अंगावर त्यांना आरनची वीण दिसली. दोन सुयांवरचे विणकाम आयर्लंडमध्ये पोहोचले ते त्यानंतर कित्येक शतकांनी, ही अडचण त्यांना फारशी जाणवली नसावी. 1967 मध्ये त्यांनी विणकामाचा 'पवित्र' इतिहासही छापला. लेस्टरचे बिशप रिचर्ड रट यांनी 1987 च्या आपल्या हातविणकामाच्या इतिहासात आणि अॅलिस स्टारमोर यांनी 1997 च्या आरनवरील पुस्तकात हा सगळा डोलारा उतरवून ठेवला. पुरावे तपासले की उरते ते असे: पश्चिम आयर्लंडच्या गरीब भागासाठी 1891 मध्ये सरकारी मंडळ स्थापन झाले, त्याने मासेमारीला आणि घरबसल्या करायच्या उद्योगांना उत्तेजन दिले, बाहेरच्या मच्छीमारांबरोबर त्यांच्याकडचे विणलेले सदरे बेटांवरच्या लोकांच्या पाहण्यात आले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तिथल्या बायकांनी त्यातून आपली, कितीतरी दाट आणि उठावदार वीण घडवली. म्हणजे ज्याला आपण अनादी परंपरा समजतो, ती एकदोन पिढ्यांतल्या बायकांची निर्मिती आहे. यात कमीपणा कसला? वारसा म्हणून मिळालेली खूण निमूटपणे गिरवणारी बाई मोठी, की आहे त्यातून नवे रचणारी?

ही रचना किती डोक्याची आहे, हे पोटरीवर जितके कळते तितके स्वेटरच्या छातीवर कळत नाही. वेणी पडते कशी ते पाहावे. दोन्ही बाजूंना उलट टाक्यांची पट्टी आणि मध्ये सहा सुलट टाके. ठरलेल्या ओळीला त्यातले पहिले तीन न विणता छोट्या तिसऱ्या सुईवर काढायचे, पुढे लोंबत ठेवायचे, नंतरचे तीन आधी विणायचे आणि मग बाजूला काढलेले. एक पेड दुसऱ्यावर चढला. तिसरी सुई पुढे धरली तर वेणी डावीकडे वळते, मागे धरली तर उजवीकडे. युक्ती एवढीच, तिचे परिणाम मात्र बरेच आहेत. पेड एकमेकांवर चढल्यामुळे कापड रुंदीत आखडते. साध्या विणीच्या नमुन्यावरून हिशेब करून टाके घातले, तर लेगवॉर्मर घोट्यावरून जातो आणि पोटरीवर अडतो. म्हणून टाके जास्त घ्यावे लागतात, लोकरही जास्त लागते. शिवाय पाय म्हणजे सरळ नळी नव्हे: घोटा बारीक, पोटरी भरलेली, गुडघ्याखाली पुन्हा निमुळता. वेणीच्या पेडात टाका वाढवला तर वेणी बिघडते. म्हणून तो वाढवायचा दोन वेण्यांमधल्या उलट टाक्यांच्या चरात, जिथे डोळा जात नाही. बुटात चोळले जाऊ नये म्हणून घोट्याजवळ वेणी न घालता दोन सुलट, दोन उलट अशी ताणणारी पट्टी ठेवायची. दोन पायांच्या वेण्या आरशातल्यासारख्या समोरासमोर वळवायच्या. ऊब येते तीही दोराच्या प्रतीकातून नव्हे. पेडांच्या जाडीत आणि मधल्या खळग्यांत हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. बव्हेरिया-ऑस्ट्रियाच्या डोंगराळ भागात चामड्याच्या आखूड चड्डीखाली नुसत्या पोटरीवर घालायचा 'लोफर्ल' असतो; त्यावरही पीळदार वीण असते. तिथे बुडालेल्या दर्यावर्दीचे कोणी नाव काढत नाही आणि वेणी तरीही पोटरीला घट्ट धरून बसते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की कथेने कोणाचे काय बिघडले? उलट भलेच झाले. तो खरा आहे, निदान अर्धा. मार्च 1961 मध्ये क्लॅन्सी बंधू आणि टॉमी मेकम हे गायक पांढरी आरन स्वेटरे घालून अमेरिकेत एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गायले, मागणी वाढली आणि सुया चालवणाऱ्या बायकांच्या हाती पैसे आले. पण कथा कशाला चिकटवली आहे ते बघा. ती विणणाऱ्या हाताला नाही, नमुन्याला चिकटवली आहे. दोर, चौकट, मधाचे पोळे ही सगळी आकृत्यांची भाषा, आणि आकृती यंत्र बिनचूक काढते. आता यंत्रावरच्या स्वेटरलाही घराण्याच्या विणीची तीच चिठ्ठी लागते, आणि कथेच्या नियमाप्रमाणे त्यात खोटे काही नाही. नमुना तर तोच आहे! आयर्लंडमधल्या दुकानात 'हँडलूम्ड' असा शब्द दिसला की आपल्याकडचा पर्यटक त्याचा अर्थ हातमाग असा घेईल आणि भारावेल. प्रत्यक्षात तो माल हाताने चालवायच्या विणकाम-यंत्रावरचा असतो. ते कामही कसबाचेच, पण कित्येक आठवडे दोन सुयांवर चाललेल्या कामाहून निराळे. जी कथा हे दोन्ही एका पंगतीला बसवते, ती शेवटी हळू काम करणारीला बाजारातून उठवते. आपल्याकडे हातचे काम पाहून ऐकू येणारे 'एवढ्या लोकरीच्या पैशांत दोन तयार आले असते' हे वाक्य याच हिशेबातले. त्यात लोकर मोजली जाते, तास मोजले जात नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. प्रतीके कधी जन्मली याला काय महत्त्व? लोकांनी मानली की ती खरी होतात. कोणी आपल्या नातीच्या लेगवॉर्मरवर संसाराचे चढउतार म्हणून नागमोडी रेघ विणत असेल, तर तो अर्थ त्या विणीत आलाच. हे मान्य. सणावारांच्या कितीतरी प्रथा वाटतात तितक्या जुन्या नसतात आणि म्हणून खोट्या ठरत नाहीत. हरकत आहे ती विक्रीच्या चिठ्ठीवर 'प्राचीन' म्हणून छापण्याला. विणणारीने स्वतः दिलेला अर्थ आणि दुकानदाराने लावलेला अर्थ यांत जो फरक आहे, तो पुसू नये. कथा काढली तर वस्तू रुक्ष होईल, ही भीतीही मला पटत नाही. गरिबी, सरकारी मंडळ, परक्या मच्छीमारांचे सदरे आणि त्यातून स्वतःचे काही काढणाऱ्या बायका, हा इतिहास कोणत्याही बनावट घराणेकथेपेक्षा रसाळ आहे. चिठ्ठीवर कोणी विणले, सुयांवर की यंत्रावर, लोकर कोणती आणि तास किती, एवढे आले तरी पुरे. अर्थात तास लिहायचे म्हटले की किमतीचा प्रश्न उभा राहतो. बहुधा म्हणूनच ते लिहिले जात नाहीत.

गंमत अशी, की बुडालेल्या मच्छीमाराची दंतकथा ज्या नाटकातून उचलली गेली असे मानतात, त्यात वेण्यांचे स्वेटर नाहीच. जॉन मिलिंग्टन सिंग 1898 पासून आरन बेटांवर वरचेवर जाऊन राहिला, आणि त्याची 'रायडर्स टू द सी' ही एकांकिका 1904 मध्ये डब्लिनला रंगमंचावर आली. तिच्यात दूर उत्तरेला सापडलेल्या प्रेताचे कपडे दोन बहिणींकडे येतात: एक सदरा आणि एक साधा मोजा. आधी त्या सदऱ्याचे कापड घरातल्या कापडाशी ताडून बघतात. पण तसले कापड गॉलवेच्या दुकानांत ढिगाने मिळते; तो कोणाचाही असू शकेल. मग धाकटी मोजा हातात घेते आणि टाके मोजू लागते. 60 घातले होते, त्यातले 4 गाळले होते. तिसऱ्या जोडीतला दुसरा मोजा. तिनेच विणलेला असल्यामुळे तिला ते आठवते, आणि भाऊ गेला हे तिला कळते.