डॉक्टर, सवाईला जाऊ का?

तपासणी संपली, काकूंनी पर्स खांद्याला अडकवली, दारापर्यंत गेल्या आणि तिथून वळल्या. "डॉक्टर, सवाईला गेले तर चालेल का?" मी फाईलमधून मान वर न काढताच म्हणालो, "गर्दी टाळा. पुढच्या वर्षी जा." बरोबर आलेला मुलगा म्हणाला, "बघ, मी हेच सांगत होतो." काकू काहीच बोलल्या नाहीत.

ते गप्प राहणं मला दिवसभर टोचत राहिलं. काकू एकसष्ट वर्षांच्या, स्तनाचा कर्करोग, दर २१ दिवसांनी केमोथेरपी. लग्न झाल्यापासून डिसेंबरातला सवाई गंधर्व महोत्सव त्यांनी क्वचितच चुकवला होता. रमणबागेत होत असे तेव्हापासून. आणि मी नाही म्हणताना महोत्सव त्यांच्या केमोच्या कितव्या दिवशी येतो हेसुद्धा पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर "गर्दी टाळा" हे आम्हा डॉक्टरांच्या तोंडात बसलेलं वाक्य आहे. नाही म्हटल्याबद्दल डॉक्टरला कुणी जाब विचारत नाही.

संध्याकाळी मी कॅलेंडर काढून बसलो. बहुतेक केमोथेरपीत पांढऱ्या पेशी डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत सर्वांत खाली जातात आणि पुढचा डोस येईपर्यंत पुन्हा वर येतात. जंतुसंसर्गाची खरी भीती त्या मधल्या दिवसांत. काकूंचा डोस बुधवारी झाला होता, महोत्सवातला शनिवार अठरावा दिवस येत होता. म्हणजे अख्ख्या महिन्यात त्यांच्यासाठी याहून बरी संध्याकाळ नव्हती! मी फोन करून सांगितलं, गुरुवारी सीबीसी करा, रिपोर्ट चांगला आला तर शनिवारी जा.

हा हिशेब सगळ्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. दर आठवड्याला केमो असेल, रक्ताचा कर्करोग असेल किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं असेल तर गणित वेगळं. न्यूट्रोफिल १०००च्या खाली असतील तर मी गर्दीत जाऊ देत नाही, ५००च्या खाली तर विषयच नाही. थुंकीत जंतू असलेला क्षयाचा रुग्ण उपचाराच्या पहिल्या आठवड्यांत असेल तर त्यालाही माझं उत्तर स्पष्ट नाही असतं, कारण तिथे प्रश्न शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचा असतो.

पण बाकीच्यांचं काय? डायलिसिसवरचे रुग्ण आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राला जोडलेले असतात. त्यांचे उपचार 'संपत' नाहीत. प्रत्यारोपण झालं तरी गोळ्या आयुष्यभर. अशा माणसाला "सगळं आटोपू दे, मग जा" म्हणणं म्हणजे कधीच जाऊ नको म्हणणं. त्याने डायलिसिस नसलेल्या दिवसाचं तिकीट काढावं, त्या दिवसाच्या पाण्याच्या मापात चहाही धरावा आणि खुशाल जावं. शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगाचंही तसंच. काही वर्षांपूर्वी एका आजोबांना मी असंच "थोडे बरे व्हा, मग नाटकाला जा" म्हणालो होतो. ते बरे होणार नाहीत हे मला माहीत होतं, बहुधा त्यांनाही. पुढच्या महिन्यात ते गेले. नाटक घरापासून दहा मिनिटांवर होतं.

तेव्हा मला "जाऊ का?" असं दारातून विचारू नका. खुर्चीत बसून, तारीख सांगून "कसं जाऊ?" असं विचारा. औषधांच्या वेळांइतकाच तोही उपचारांचा भाग आहे. डोस एखाद-दोन दिवस पुढेमागे करता येतो का, हेही विचारा. काही उपचारांत येतो, काहींत अजिबात नाही. ते आपल्या मनाने मात्र ठरवू नका.

काकूंना मी जे सांगितलं ते थोडक्यात असं. भारतीय बैठक नको, खुर्ची घ्या, आणि तीही कडेची, म्हणजे दमल्यावर कुणाच्या पायांवरून न जाता उठता येईल. मंडप उघडा असतो ही जमेची बाजू, पण थंडी आणि धूळ असते. मास्क, शाल, कानटोपी. खायचंच तर समोर कढईतून निघालेलं गरम खा. चटणी, कापलेली फळं, बर्फ नको. काही औषधांनी तळपायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. अशांनी अंधारात पायऱ्या उतरताना कुणाचा तरी हात धरावा. सिसप्लॅटिन चालू असेल तर आणखी एक: या औषधाने कानाच्या आतल्या नाजूक पेशींना इजा होऊ शकते. कानात शिट्टीसारखा आवाज येत असेल, बारीक स्वर कमी ऐकू येत असतील तर आम्हाला सांगा आणि लाऊडस्पीकरपासून लांब बसा. गाणं ऐकणाऱ्याच्या हे इतरांच्या आधी लक्षात येतं.

आणि ताप. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला, किंवा थंडी वाजून आली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. आधी पॅरासिटामॉल घेऊन सकाळपर्यंत वाट पाहायची नाही. गोळीने ताप झाकला जातो, संसर्ग आत वाढत राहतो.

मुलगा नाराज होता. त्याचं चुकत नव्हतं, रात्री ताप आला तर धावपळ त्यालाच करायची होती. पण आईसाठी घरात हवा गाळायचं यंत्र आणणाऱ्या या मुलाने, ती दोन महिने कुठेच बाहेर पडली नाही याची नोंद घेतली नव्हती. शेवटी तोच गाडी घेऊन गेला.

बुधवारी काकू डोससाठी आल्या. ताप नाही, खोकला नाही, वजन अर्धा किलो वाढलेलं. दोनच कलाकार ऐकून दमल्या आणि परतल्या म्हणे. रविवारी समारोपाला सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रित भैरवी लावतात, तिला मात्र जाता आलं नाही, याची हळहळ अजून होती. सलाईन लावेपर्यंत त्या सिस्टरला शनिवारच्या गायकाबद्दल सांगत होत्या: आवाज चांगला, पण तानांची घाई फार करतो.